राग आवरण्याच्या अभ्यासात पाऊल घसरते, तेव्हा त्यातून नेमके काय शिकायचे?

समुपदेशक, कोथरूड

नमस्कार.

कोथरूडमध्ये आम्ही काही जण मिळून बरीच वर्षे एक लहानसा अभ्यासगट चालवतो. राग, चिंता, मत्सर, अपराधीपणा या भावना अनावर होऊ न देता त्यांना कसे सामोरे जावे, हे तिथे विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे भावनांमागचे आग्रही विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीच्या, आधाराने शिकले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. या गटात वारंवार पाहायला मिळणारी एक गोष्ट येथे मांडावीशी वाटते, कारण घरोघरी तिचा फार चुकीचा अर्थ लावला जातो.

माणूस गटात येतो, पहिले काही महिने मनापासून अभ्यास करतो, घरातल्यांनाही फरक जाणवू लागतो. आणि मग एखाद्या संध्याकाळी तो पूर्वीसारखाच, किंबहुना पूर्वीपेक्षाही वाईट भडकतो. पुढच्या बैठकीला तो येत नाही. फोन केला की उत्तर ठरलेले असते : ‘पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इतके दिवस केले ते सगळे मुसळ केरात गेले. माझा स्वभावच असा आहे.’ माझे स्पष्ट मत असे आहे की त्या भडक्याने जेवढे नुकसान होते, त्यापेक्षा कितीतरी अधिक नुकसान ही तीन वाक्ये करतात. भडका काही मिनिटांत ओसरतो. ही वाक्ये मात्र माणसाला अभ्यासच सोडायला लावतात.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे फार पूर्वी ओळखले गेले. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट आणि जुडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली असे मांडले की एकदा तोल जाणे आणि पूर्वीच्या अवस्थेत पूर्णपणे परत जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत माणसाला जे नेते त्यात पहिल्या घटनेचा त्याने लावलेला अर्थ हे मोठे कारण असते. एक घोट घेतल्यावर ‘आता सगळे संपलेच’ असे ज्याला वाटते तो बाटली संपवतो. ‘दुपारपासून माझे कुठे बिनसत गेले’ असे जो विचारतो त्याला थांबायला वाव राहतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे व्यसन हा आजार आहे आणि त्यात पुन्हा घसरण होऊ शकते, ही समज आपल्या शहरातील पुष्कळ कुटुंबांपर्यंत पोहोचली. रागाच्या बाबतीत मात्र आपण आजही ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे म्हणून मोकळे होतो.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हिंजवडीत नोकरी करणारे एक गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास वारज्यातील घरी पोहोचले आणि मुलाची गणिताची उत्तरपत्रिका पाहून त्यांनी त्याची वही भिंतीवर फेकली. त्यांच्या मते कारण उघड होते : गुण कमी पडले. आम्ही त्यांना त्या दिवसाचा पंचनामा लिहायला सांगितला. पंचनाम्यात जे दिसले तेवढेच नोंदवायचे असते. दोषी कोण हे ठरवणे त्याचे काम नसते. त्यांनी उलट्या क्रमाने लिहीत नेले. वही फेकण्याच्या आधी सोसायटीत त्यांच्या जागेवर दुसऱ्याची गाडी उभी होती आणि वॉचमनशी बोलतानाच त्यांचा आवाज चढला होता. त्याआधी चांदणी चौकापर्यंतच्या कोंडीत वरिष्ठांचा फोन चालू होता. त्याआधी पाचच्या बैठकीत त्यांनी केलेले काम चारचौघांसमोर दुसऱ्याच्या नावावर सांगितले गेले आणि ते गप्प राहिले होते. दुपारचा डबा जवळजवळ तसाच परत आला होता. आदल्या रात्री झोप झालेली नव्हती. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, आणि माझ्या मते सगळ्या पानाचे मोल त्या ओळीत होते : ‘निदान घरी तरी माझे ऐकले गेलेच पाहिजे.’

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली भावनांच्या नियमनाची जी मांडणी केली, तिच्यात पाच टप्पे आहेत. कोणत्या प्रसंगात शिरायचे ते निवडणे, शिरल्यावर तो प्रसंग शक्य तेवढा बदलणे, लक्ष कुठे द्यायचे ते ठरवणे, घटनेचा आपण लावलेला अर्थ तपासणे आणि सर्वांत शेवटी उसळलेली प्रतिक्रिया आवरणे. आपल्याकडे राग आवरणे म्हणजे या शेवटच्या टप्प्यावर दातओठ खाऊन थांबणे, एवढेच समजले जाते. या गृहस्थांनीही तेवढाच अभ्यास केला होता, आणि उपाशी, थकलेल्या, अपमानित अवस्थेत तोच टप्पा सर्वांत आधी कोलमडतो. आधीच्या चारही टप्प्यांवर काही करता आले असते हे त्यांना चांगल्या दिवसांनी कधीच शिकवले नसते, कारण चांगल्या दिवसांत ते टप्पे डोळ्यांआड राहतात. ते त्या घसरणीमुळे दिसले. उत्तरपत्रिका जेवण झाल्यावर पाहायची, गाडी लावल्यावर लगेच वर न जाता खालीच थोडे चालायचे, आणि त्या शेवटच्या ओळीतील आग्रहावर गटात काम करायचे, असे त्यांनी ठरवले.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.


मूळ सातारकर

आपले विवेचन पटले, विशेषतः उलट्या क्रमाने लिहिण्याची कल्पना. माझी अडचण थोडी निराळी आहे. पुण्यात आल्यापासून मी या विषयावर बरेच वाचले, रोज सकाळी तळजाईवर फिरणे आणि त्यानंतर ध्यान असा नेम ठेवला, मरकळच्या विपश्यना केंद्रातील दहा दिवसांचे शिबिरही केले. कार्यालयात आणि घरी माझ्या वागण्यात फरक पडला आहे, हे इतरांनी आपणहून सांगितले. परंतु गणपतीत गावी गेलो, जुन्या घराच्या ओसरीवर बसलो आणि थोरल्या बंधूंनी जमिनीचा विषय काढला की माझा आवाज, माझे शब्द, इतकेच काय पण बसण्याची पद्धतही पूर्वीची होते. परतीच्या प्रवासात खंबाटकी उतरेपर्यंत मन शांत झालेले असते, आणि तेव्हा वाटते की आपली पुण्यातली शांती म्हणजे केवळ वरवरचा मुलामा आहे. याला घसरण म्हणावे, की आपण मुळात बदललेलोच नाही असे समजावे?


समुपदेशक, कोथरूड

दादा, आपण बदललेले आहात, आणि आपला अनुभव माणसाच्या शिकण्याविषयी जे ठाऊक आहे त्याच्याशी पूर्णपणे जुळतो.

घंटेनंतर अन्न मिळते हे शिकलेल्या कुत्र्यांना नुसत्या घंटेनेही लाळ सुटते, हे पावलोव्ह यांनी दाखवले. त्याच प्रयोगांत त्यांनी नोंदवले होते की घंटेनंतर अन्न देणे बंद केले की लाळ सुटणे हळूहळू थांबते, परंतु काही काळ जाऊ दिल्यावर पुन्हा घंटा वाजवली तर थांबलेली प्रतिक्रिया बऱ्याच अंशी परत येते. पुढे मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून असे दिसले की जुने शिक्षण पुसले जात नाही. त्याच्या जोडीला नवे शिक्षण येते, आणि हे नवे शिक्षण ज्या जागी, ज्या परिस्थितीत झाले तिच्याशी जुन्यापेक्षा अधिक घट्ट बांधलेले असते. जागा बदलली की नव्याची पकड सैल होते आणि जुने वर येते. आपण शांत राहण्याचा अभ्यास तळजाईवर, पुण्याच्या घरात आणि कार्यालयात केला. ओसरीवर तो झालेलाच नाही. तिथे जे शिकलेले आहे ते लहानपणापासूनचे आहे, आणि समोर बंधूही तेच आहेत.

म्हणून आपली शांती खोटी आहे हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. ज्या ठिकाणी अभ्यास व्हायचा राहिला आहे ते ठिकाण कोणते, एवढेच गावच्या प्रसंगाने दाखवले. पुढच्या वेळी थेट जमिनीच्या चर्चेला बसू नका. आधी एखादा दिवस काही विषय नसताना जाऊन त्याच ओसरीवर बंधूंसोबत चहा घ्या, पावसापाण्याचे बोला आणि परत या. दुसऱ्यांदा एखादा किरकोळ मतभेदाचा विषय निघू द्या. जमिनीचा विषय त्यानंतर, शक्यतो दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसासमोर. हे सावकाश होणारे काम आहे.


दोन मुलांची आई

मी येथे सहसा लिहीत नाही, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

समुपदेशक ताई, आपण लिहिले आहे की भडक्याने होणारे नुकसान त्या तीन वाक्यांनी होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी असते. कोणाचे नुकसान? ज्याने वही फेकली त्याचे कदाचित तसे असेल. ज्याची वही होती त्याचे काय? आमच्या घरी लिफ्टचे दार वाजले की धाकटा कंपास पेटी बंद करून दप्तरात ठेवतो. त्याला कोणी तसे सांगितलेले नाही. दार वाजल्यापासून कुलपात किल्ली फिरेपर्यंतच्या वेळात टेबलावर ओरडण्यासारखे काही राहू नये, हे त्याचे तो शिकला आहे. त्याचे वडील वाईट नाहीत. ते मारत नाहीत, व्यसन करत नाहीत, आणि आपण सांगता तसा अभ्यासही ते करत आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर ते मनापासून सांगतात की मी शिकतो आहे, मला वेळ द्या. हा वेळ द्यायचा कोणी? आठ वर्षांच्या मुलाने?

घसरणीतून शिकावे हे मलाही पटते. पण त्या शिकण्याची किंमत शिकणारा भरत नसेल, तर त्याविषयी इतक्या समजुतीने बोलणे मला जड जाते.


हडपसरचा प्रवासी

दोन मुलांची आई, आपले म्हणणे मनाला लागले. माझ्या लहानपणी आमच्याकडेही स्कूटरच्या आवाजावरून वडिलांची मनःस्थिती ओळखली जात असे. म्हणूनच मला विचारावेसे वाटते की राग घरी आणण्यापेक्षा तो आधीच बाहेर मोकळा करून टाकणे हा उपाय होऊ शकत नाही का? आमच्या व्यायामशाळेत काही जण त्यासाठीच वाळूच्या पिशवीवर ठोसे मारतात आणि आता हलके वाटते असे सांगतात.


समुपदेशक, कोथरूड

आधी ताईंना उत्तर देते, कारण त्यांचा आक्षेप मूळ मांडणीला आहे.

ताई, ते वाक्य मी अभ्यास करणाऱ्याच्या बाजूने लिहिले होते, आणि त्याच्यापुरतेच ते खरे आहे. घरातल्यांच्या बाजूने पाहिले तर हिशेब उलटा आहे, हे आपण दाखवून दिले ते योग्यच केले. पंचनाम्याने शिकणाऱ्याला काय मिळते हे मी सांगितले. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याला त्यातून काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळे काम करावे लागते, आणि माझ्या मते ते पंचनाम्याच्या आधी करायचे असते.

ते काम म्हणजे दुखावलेले नाते सावरणे. लहान बाळे आणि त्यांच्या आया यांचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड ट्रॉनिक यांना असे आढळले की प्रेमळ, निरोगी नात्यांतही बराच वेळ दोघांचा सूर जुळलेला नसतो. तो तुटतो, पुन्हा जुळवला जातो, आणि तुटलेले जुळते या अनुभवातून बाळ विश्वास शिकते. हे निष्कर्ष रोजच्या लहानसहान विसंवादांविषयीचे आहेत हे मी आवर्जून नमूद करते. दहशतीला त्यातून मुभा मिळत नाही. पण वडिलांनी मुलाकडे परत कसे जावे याची दिशा त्यातून निश्चितपणे मिळते. मुलाजवळ खाली बसून, त्याच दिवशी, जे घडले ते सांगायचे : ‘मी तुझी वही फेकली. तू घाबरलास. ते माझे चुकले. तुझ्या गुणांमुळे ते झाले नाही.’ त्यानंतर ‘पण’ नको. दिवसभर काय घडले, साहेब काय बोलले, कोंडी किती होती, हे मुलाला सांगू नये. ती माहिती पंचनाम्याच्या वहीसाठी आहे. मुलाला सांगितली की मुलाने वडिलांना समजून घ्यावे अशी अपेक्षा तयार होते, आणि आपण म्हणता ती किंमत पुन्हा त्याच्याच खात्यावर चढते. मुलाने लगेच मिठी मारावी, हसावे, ‘ठीक आहे बाबा’ म्हणावे, असाही आग्रह नको. आणि फेकलेल्या वहीची पाने वडिलांनी स्वतः चिकटवावीत.

सुधारणा होते आहे की नाही हे मोजायचे तर ते मुलाच्या वागण्यावरून मोजावे. बाबांना किती हलके वाटते हे त्याचे माप नव्हे. कंपास पेटी दार वाजल्यावरही टेबलावर राहू लागली तर अभ्यास पोहोचला असे मानता येईल. ती बराच काळ दप्तरातच जात राहिली, तर आणखी वेळ मागण्याचा हक्क उरत नाही. तेव्हा स्वतःच्या प्रयत्नांवर विसंबून न राहता प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे.

आणखी एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते, कारण वाचणाऱ्यांत ती लागू असणारे कोणी असू शकते. हात उगारला जात असेल, धमक्या असतील, पैसे किंवा बाहेर जाणे रोखले जात असेल, तर त्याला घसरण म्हणून समजून घेण्याचा प्रश्नच येत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा शारीरिक छळाप्रमाणेच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

हडपसरकर, ठोशांविषयी. ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा प्रयोग याच प्रश्नावर आहे. चिडवल्या गेलेल्या काही जणांना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना केवळ व्यायाम म्हणून मारायला सांगितले आणि काहींना नुसते शांत बसवले. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात उरला. नुसते बसलेल्यांचे वागणे सर्वांत कमी आक्रमक ठरले. व्यायाम अवश्य करावा, परंतु त्या माणसाला डोळ्यांसमोर आणून केलेला व्यायाम हा रागाचाच सराव ठरतो. विचार बळेच दाबण्यानेही काही साधत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर तो विचार येतच राहिला आणि नंतर मोकळीक दिल्यावर अधिकच आला.


आळंदीचा वारकरी

दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या वाचनातील एक संदर्भ जोडतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार अर्जुन करतो आणि अभ्यासाने व वैराग्याने ते आवरते, असे उत्तर त्याला मिळते. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण अर्जुनाचे तेवढ्याने समाधान होत नाही. तो लगेच विचारतो की श्रद्धा असूनही ज्याचे मन मध्येच ढळले, जो इकडचाही राहिला नाही आणि तिकडचाही नाही, तो विस्कटलेल्या ढगासारखा नाहीसा होतो काय? श्रीकृष्णांचे उत्तर असे आहे की कल्याणाचे काम करणारा दुर्गतीला जात नाही, आणि जेथे त्याचा अभ्यास सुटला तेथूनच तो पुढे सुरू होतो. घसरलेल्या साधकाविषयी असा थेट प्रश्न विचारला जावा आणि त्याला धीराचे उत्तर मिळावे, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच अध्यायात मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून त्याला परत आणावे, असेही सांगितले आहे; म्हणजे ते धावणार हे तिथे गृहीतच धरले आहे.

मात्र ताईंचे म्हणणे वाचल्यावर हेही लक्षात आले की अर्जुनाचा प्रश्न साधकाच्या गतीविषयी आहे. साधकाच्या घरातल्यांविषयी तो नाही. तो प्रश्न गृहस्थाश्रमातल्या माणसानेच विचारायला हवा, आणि येथे तो विचारला गेला याचे मला समाधान आहे.


अभ्यासिकेतला विद्यार्थी

माझा प्रश्न रागाचा नाही, पण विषय तोच आहे असे वाटते. मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. यादीत नाव नसले की काय करायचे, हे गेल्या वेळी मी आधीपासून ठरवून ठेवले होते : दोन दिवस घरी जायचे, मग उत्तरतालिका घेऊन बसायचे. प्रत्यक्षात निकालाच्या दिवशी खोलीतल्या मित्राचे नाव यादीत आले आणि माझे आले नाही. मी त्याचे अभिनंदन केले, पण त्यानंतर कित्येक दिवस पलंगावरून उठलो नाही, घरचे फोन घेतले नाहीत आणि त्याच्याशी नीट बोललोही नाही. आता पुन्हा अभ्यासिकेत बसू लागलो आहे. मला वाटते की स्वतःला सैल सोडले म्हणून ही वेळ आली. स्वतःशी कठोर झाल्याशिवाय माणूस सुधारेल कसा?


समुपदेशक, कोथरूड

बाळा, तू त्या दिवशी त्याचे अभिनंदन केलेस, हे तुझ्या हिशेबात कुठेच धरलेले दिसत नाही. मत्सर जाळत असताना ते केलेस. ते धर.

कठोरपणाविषयी तुझ्याच वयाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग सांगते. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड चाचणी दिली गेली, ती बहुतेकांना कठीण गेली, आणि काही जणांना स्वतःच्या अपयशाकडे सहानुभूतीने पाहायला सांगितले गेले. इतरांच्या तुलनेत त्यांनी पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला. कारण समजायला अवघड नाही. जो स्वतःला फटके मारत असतो त्याला झालेल्या चुकीकडे पाहणेच सहन होत नाही, आणि न पाहिलेली चूक सुधारता येत नाही. पलंगावर पडून तू जे केलेस ते सैल सोडणे नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे ती स्वतःला दिलेली शिक्षाच होती.

आणखी दोन गोष्टी. परीक्षेत नाव न येणे आणि त्यानंतर मनाचा तोल जाणे, या दोन घटना वेगवेगळ्या लिही. पहिलीचे विश्लेषण उत्तरतालिकेतून होईल. दुसरीचे करताना हे पाहा की तुझी योजना एकट्याच्या निकालाची होती. मित्राचे नाव यादीत असेल आणि माझे नसेल, हा प्रसंग तिच्यात नव्हताच. आणि जगणेच नकोसे वाटू लागले, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोल. २०२२ पासून ही शासकीय सेवा चोवीस तास आणि निःशुल्क आहे, आणि मराठीत बोलता येते.


मूळ सातारकर

लिहिण्याचा नेम मी सुरू करणार आहे, पण एक शंका आहे. प्रसंग घडल्यावर लगेच लिहायला बसावे, तर मन इतके तापलेले असते की समोरच्याच्या चुकांचीच यादी होते. आणि दुसऱ्या आठवड्यात लिहावे, तर सगळे गुळगुळीत झालेले असते. शिवाय एखाद्या वेळी लिहायचे राहिले तर नेमच मोडल्यासारखे वाटते.


समुपदेशक, कोथरूड

माझ्या अनुभवात एक झोप झाल्यानंतर, पण दुसरा दिवस मावळण्याआधी लिहिलेले सर्वांत उपयोगी पडते. त्याच रात्री लिहायचेच असेल तर केवळ भावनेचे नाव लिहावे. ‘मूड गेला’ असे नको. अपमान वाटला, भीती वाटली, एकटे पडल्यासारखे झाले, असे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की भावनेला नाव देताना मेंदूतील अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी संबंधित भागाची हालचाल मंदावते. तेवढेच त्या रात्रीसाठी पुरे.

दुसऱ्या दिवशीच्या लेखनात समोरच्या माणसाचे एकही विशेषण नसावे, एवढा एक नियम पाळा. ‘दादा अडवणूक करत होता’ असे लिहू नका. ‘दादा म्हणाला की उतारा आधी दाखव’ असे लिहा. विशेषण काढले की अर्धा राग कागदावरच वेगळा पडतो, आणि त्यातला कोणता भाग घटनेचा व कोणता आपण लावलेल्या अर्थाचा हे दिसू लागते. लेखनाच्या शेवटी पुढच्या वेळेसाठी एकच ठराव असावा, आणि तो ‘जर असे झाले, तर मी असे करीन’ या रूपात असावा. पीटर गोलविट्झर यांनी अशा जर-तर ठरावांचा पुष्कळ अभ्यास केला. त्यांनी आणि पाश्चल शीरन यांनी २००६ साली ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे ठराव नुसत्या निश्चयापेक्षा बरेच जास्त पार पडतात असे दिसले. ‘मी यापुढे शांत राहीन’ हा ठराव तापलेल्या क्षणी आठवत नाही. ‘जर दादाने उताऱ्याचा विषय काढला, तर मी आधी पाणी पिईन आणि मग उत्तर देईन’ हा आठवतो, कारण त्याची आठवण दादाच करून देतो.

नेम मोडण्याच्या भीतीविषयी लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेला अभ्यास धीर देणारा आहे. खाणे, पिणे आणि व्यायाम यांतील एखादी नवी सवय लावू पाहणाऱ्या ९६ जणांची त्यांनी पाहणी केली. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज निघाला. मधला आकडा ६६ होता. आणि मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. राग आवरणे ही पाणी पिण्याहून खूप गुंतागुंतीची गोष्ट आहे, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत. लिहिण्याच्या नेमाला मात्र ते लावायला हरकत नाही.


दोन मुलांची आई

ताई, आपले उत्तर मी यांना वाचायला दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले की ही पंचनाम्याची वही मला दाखवायची असते का.


समुपदेशक, कोथरूड

वही दाखवू नये, असे माझे मत आहे. दाखवायची म्हटले की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहू लागतो आणि खरे ते निसटते. शिवाय पुढच्या भांडणात तीच वही पुरावा म्हणून निघते, मग ती कायमची बंद होते. शेवटचा जर-तर ठराव मात्र घरात सर्वांना माहीत असावा, मुलांनाही. उदाहरणार्थ, आवाज चढू लागला तर बाबा दहा मिनिटे गच्चीवर जातील, असे ठरले असेल, तर त्या वेळी कोणी मागे जाऊन प्रश्न विचारू नयेत. आणि त्यांनी दहा मिनिटांनी परत यावे. न सांगता निघून जाणे आणि तासाभराने काही घडलेच नाही असे दाखवत जेवायला बसणे, ही घरातल्यांना दिलेली दुसरी शिक्षा होते.


दोन मुलांची आई

हे ठरवायला माझी तयारी आहे. माझी एकच अट मी त्यांना सांगितली आहे : गच्चीवर जातो आहे आणि इतक्या वेळात येतो आहे हे त्यांनी माझ्याकडून सांगायला लावू नये, धाकट्याला स्वतः सांगावे. त्यांनी ते मान्य केले आहे. थोरलीचे म्हणणे असे आहे की परत आल्यावर आधी तिच्या भावाकडे जायचे आणि मग टीव्हीकडे. तेही आम्ही ठरावात लिहिले आहे.